सोबत आलेल्यांचं तोंड

एका धर्मादाय संस्थेच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक ड्रायव्हर आणि एक शिंपीणबाई बसले होते. ड्रायव्हरने हातातली चिठ्ठी चुरगळून बाकाखाली टाकली.

“दाढ बायकोची दुखतेय, आणि तपासणीची चिठ्ठी मलाही! मी नुसता सोबत आलोय.”

“इथे सोबत आलेल्यालाही तोंड उघडावं लागतं, दादा. यांची पद्धतच आहे तशी.”

“अहो, माझे दात ठणठणीत आहेत.”

“मीही हेच म्हटलं होतं. गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन आले होते. दाढ दाढ करून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मलाही खुर्चीत बसवलं, तर मला हसूच येत होतं. डॉक्टरीणबाईंनी जीभ उचलायला लावली आणि दिवा जवळ ओढला. जिभेखाली पांढरा चट्टा होता.”

“दुखत होता?”

“छे! मला पत्ताच नव्हता. कॅन्सरची सुरुवात होती. संस्थेनेच मोठ्या इस्पितळात पाठवलं, ऑपरेशन करवलं. म्हणून आज तुमच्यासमोर बडबडतेय.”

“बाप रे! आणि सासूबाईंची दाढ?”

“दाढेला काहीच झालं नव्हतं. शेंगदाण्याचं साल अडकलं होतं.”

“साल?”

“साल.”

ड्रायव्हर वाकला, बाकाखालची चिठ्ठी उचलली आणि मांडीवर ठेवून तळहाताने सरळ करू लागला.