जिन्याचा कठडा

घरामागच्या शेडमधली हत्यारं चोरीला गेल्याचं सुताराला मंगळवारी कळलं. बुधवारी विमा कचेरीच्या बाकावर त्याची मुलगी अर्ज भरत होती आणि शेजारी बसलेल्या शिंपीणबाईंना नको असतानाही सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, हत्यारं शेवटची कधी पाहिलीत?"

"तुझी आई जिन्यावरून पडून गेली, त्या सकाळी."

"म्हणजे तीन महिने शेड उघडलीच नाहीत?"

"मनच होईना."

"महिन्याच्या वर बंद असलेल्या जागेची भरपाई हे देत नाहीत. मागच्या आठवड्यातली तारीख टाकू?"

"नको."

"अहो, करवती, रंधे, ड्रिल, सगळं गेलंय! उद्यापासून काम कशाने करणार, नखांनी?"

"मंगळवारी शेड का उघडली, माहितेय? जिन्याला कठडा करायला. वर्षभर कानीकपाळी ओरडत होती, 'अहो, गावभर कठडे बसवता, आपल्या जिन्याला कधी?' मी म्हणायचो, गिऱ्हाइकाचं आधी."

"त्याचा इथे काय संबंध, बाबा?"

"मागच्या आठवड्यात हत्यारं हाताशी होती असं लिहिलंस, तर तेव्हाही मी तिचं काम केलं नाही असं होईल. खरी तारीख टाक."

मुलीने खरी तारीख टाकली. खिडकीतून अर्ज परत आला.

जिन्याला कठडा अजून बसलेला नाही.