टेबलाखालची ज्यूरी

खुर्चीचं काय घेऊन बसलात! मला काय स्वप्न पडलं होतं, की टेबलाच्या टोकाला जो बसेल त्यालाच ज्यूरीचा प्रमुख करतात म्हणून? मी तिथे बसले, कारण ती खुर्ची दाराजवळ होती. मी कुठेही गेले तरी दाराजवळच बसते... चर्चमध्ये दाराजवळ, सिनेमाला दाराजवळ, दाताच्या डॉक्टरकडे तर दाराबाहेरच! तर मी आपली टेकले, पर्स मांडीवर घेतली, आणि वर बघते तर सगळे माझ्याकडे बघतायत. "झालं तर मग, हीच प्रमुख!" अहो, काय झालं? कोणी विचारलं मला?

तुम्हाला सांगते, मी येसेनिया तिखेरीना, टेक्सासची, अगदी नदीकाठची. पलीकडच्या तीरावर मेक्सिको, अलीकडच्या तीरावर आम्ही, आणि मध्ये टीव्हीवाले. शिकलेली आहे, पदवी आहे भिंतीवर, पण टोस्टरमधून पाव उडाला तरी किंचाळते. अशा बाईच्या हातात न्याय द्यायचा? पण आमच्या अपांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कोण सांगणार? अपांनी नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवसापासून अंगणात झेंडा लावलाय. केवढा? वारा सुटला की शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं दिसेनासं होतं, एवढा! ज्यूरीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी पाकिटाचा मुका घेतला. पाकीट माझ्या नावाचं, मुका त्यांचा.

"अपा, मला नाही जमणार."

"देशासाठी, पोरी, देशासाठी!"

"आणि कार्टेलचा खटला निघाला तर?"

"मग तर डबल देशासाठी!"

आता कार्टेल म्हणजे पलीकडच्या ड्रगवाल्यांची टोळी, ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. आमच्याकडे सकाळी कॉफी उकळायच्या आधी टीव्हीवर कार्टेल उकळतं. एका चॅनेलवर म्हणतात, सैन्य घुसवा, चिरडून टाका, जो दया दाखवेल तो देशद्रोही! दुसऱ्यावर म्हणतात, हे सगळं तुम्हाला घाबरवायचं नाटक आहे, तुरुंग आधीच तुडुंब भरलेत! अपा पहिलं बघतात, मामा दुसरं बघतो, आणि जेवताना दोघंही माझ्याकडे बघतात. "तू शिकलेली आहेस ना, तूच सांग!" मी म्हणते, तामाले गार होतायत.

तर कोर्टात गेले. तिथे आधी निवड असते. न्यायाधीश आणि दोन्ही बाजूंचे वकील सगळ्यांना प्रश्न विचारतात, आणि जो एका बाजूला कलला त्याला घरी पाठवतात. त्यामुळे होतं काय, की हॉलमध्ये शिरताक्षणी प्रत्येक जण कलायला लागतो! असे कलतात, असे कलतात, की जहाज असतं तर बुडालं असतं. माझ्या पुढचा जाड मिशीवाला उभा राहिला. "खटला हवाच कशाला, साहेब? पकडा आणि लटकवा!" तुम्ही जा घरी. पलीकडच्या रांगेतली मोठमोठ्या मण्यांची माळ घातलेली बाई उठली. "पोलिसांच्या तोंडचा एक शब्द मी खरा मानणार नाही! तुरुंग पाडून टाका सगळे!" तुम्हीही जा. मी खिडकीतून बघितलं, तर मिशी आणि माळ हसत हसत एकाच गाडीत बसत होते... नवराबायको होते हो ते!

मीही दोन-तीन वाक्यं पाठ करून गेले होते. पण सरकारी वकिलाने विचारलं, "कार्टेलची भीती कोणाकोणाला वाटते? हात वर करा." भराभर हात वर! आणि माझ्या मनात आलं, समजा, समजा हं, या हॉलमध्ये त्यांचा एखादा माणूस बसला असेल आणि हात मोजत असेल तर? भीतीने माझा हातच वर जाईना. सगळ्या हॉलमध्ये एकटीचा हात मांडीवर! सरकारी वकील गहिवरला. "शाब्बास! निर्भय तरुणी!" मग बचावाचे वकील उठले. "तुम्हाला शंका घेता येते का?"

"साहेब," मी म्हटलं, "मी घरातून निघते आणि गॅस बंद केलाय का ते बघायला परत जाते."

"बंद असतो?"

"असतो ना. पण तरी खात्री वाटत नाही."

त्यांनी असं माझ्याकडे बघितलं, की तसं माझ्या उभ्या आयुष्यात कोणी पुरुषाने बघितलं नाही. झाली निवड! घरी फोन केला. "देशासाठी, पोरी!" आणि मागून झेंड्याचा फडफडाट.

आरोपी कोण म्हणाल? डॉन तेलो! एल्युतेरियो सामारिपा, पण सगळं गाव डॉन तेलोच म्हणतं. काटकुळा म्हातारा, लग्नातला कोट घालून बसलेला, कोट दोन म्हातारे मावतील एवढा. शर्यतीची कबुतरं पाळतो. लांब नेऊन सोडतात, आणि ज्याचं आधी घरी येईल तो जिंकला. म्हणून दर शनिवारी हा छपरावर, हातात दुर्बीण, कमरेला बाकी कबुतरवाल्यांशी बोलायची वॉकीटॉकी, तोंड नदीकडे. आरोप काय, तर हा कार्टेलचा टेहळ्या आहे, गस्तीची गाडी कुठे गेली ते पलीकडे कळवतो. आणि शिक्षा झाली असती ना, तर त्या वयात माणूस तुरुंगातून घरी येत नाही हो, खोक्यातून येतो. त्याची मुलगी पहिल्या रांगेत बसायची, स्वेटरला पिसं चिकटलेली. तिच्याकडे बघायची सोय नव्हती.

पोलीस साक्षीला आला. पोरगाच होता, कानाच्या पाळ्या लालबुंद.

"संशयित आकाशाकडे बघत होता."

"आकाशात काय होतं?" बचावाचे वकील.

"कबुतरं होती, साहेब."

"मग?"

"मी कबुतरांवर लक्ष ठेवलं नव्हतं, साहेब. मी संशयितावर लक्ष ठेवून होतो."

मग एक तज्ज्ञ आला आणि त्याने फोटो दाखवले. जळलेले ट्रक, भोकं पडलेल्या भिंती, पुलावर लटकवलेल्या, धमक्या लिहिलेल्या चादरी... दिवसभर फोटो! एकाही फोटोत डॉन तेलो नाही, त्याचं छप्पर नाही, कबुतराचं पीससुद्धा नाही. पण बघून बघून संध्याकाळी मला समोरचा पाण्याचा जगसुद्धा संशयास्पद वाटायला लागला!

आणि मग ती खोली, ती खुर्ची, आणि मी प्रमुख. प्रमुखाने काय करायचं असतं माहितेय? निकालावर सही! स्वतःच्या नावाने, आडनावासकट! दोषी म्हटलं तर ते नाव कार्टेलवाले वाचणार, निर्दोष म्हटलं तर टीव्हीवाले वाचणार. बाकी सगळे म्हणाले, निर्दोष. दोघं अडले, आणि निकाल तर एकमतानेच लागतो. एक मी, माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलं होतं 'माहीत नाही, माफ करा'. आणि दुसरे डेल्विन क्राउस.

हे क्राउस म्हणजे पहाडासारखा माणूस, गुरांचा मोठा गोठा, छातीवर झेंड्याची पिन. "माझ्या कुंपणाच्या तारा कापल्या जातात," ते म्हणाले, "माझ्या गड्यावर बंदूक रोखली होती त्यांनी. तुम्ही मला कबुतरं सांगता? मी या देशावर प्रेम करतो. दोषी."

"आम्ही काय मेक्सिकोच्या संघाकडून खेळतो, डेल्विन?" ओर्तेन्सियाबाई म्हणाल्या. यांचं चौकात पार्लर आहे, निम्म्या गावाचे पांढरे केस यांच्या हाताखाली काळे होतात. "घाबरलायस, एवढंच म्हण की."

"मी? मी कोणाच्या बापाला घाबरत नाही!"

आणि तेवढ्यात... धडाम!

अहो, कसला आवाज! एकदम सात-आठ बंदुका! खिडकीच्या काचा थरथरल्या. पुढचं मला आठवत नाही, आठवतं ते थेट टेबलाखालचं. अख्खी ज्यूरी टेबलाखाली! कोणाचा गुडघा कोणाच्या बरगडीत, कोणाचा बूट कोणाच्या सँडविचवर. आणि सगळ्यात आत, भिंतीला चिकटून, म्हणजे सगळ्यात आधी कोण पोचलं असेल ते बघा... डेल्विन क्राउस! माझा घोटा घट्ट धरलेला.

"कार्टेल!" ते कुजबुजले. "तेलोची माणसं! मी सांगत नव्हतो? हे आमच्या पित्या, तूच तार..."

मीही तारच म्हणत होते हो, मी काही वेगळी नव्हते!

"डेल्विन," अंधारातून ओर्तेन्सियाबाईंचा आवाज, अगदी शांत. "परवा काय आहे रे?"

"परवा? परवा चार जुलै, स्वातंत्र्यदिन."

"आणि चार जुलैला कोर्टासमोरच्या मैदानात माजी सैनिक बंदुकांची सलामी देतात, तिची तालीम दरवर्षी कोण घेतं?"

क्राउसनी आपलं तोंड माझ्या बुटाआड लपवलं.

"...मी घेतो."

"आणि यंदा?"

"यंदा मी इथे अडकलोय म्हणून मेहुण्याला सांगितलं."

धडाम! पुन्हा! सगळ्यांची डोकी खालून टेबलावर आपटली. आणि मागोमाग बिगुल. असा बेसूर, असा बेसूर, जणू कोणी बोकडाची शेपटी पिळतंय. क्राउसनी डोळे मिटले. "मेहुणाच आहे," ते म्हणाले. मग हळूच, "त्या बंदुकांना तेल मी घातलंय. काडतुसं मी भरलीत, खोटी, नुसत्या आवाजाची. आणि मलाच ओळखू आल्या नाहीत."

तेव्हा, तुम्हाला सांगते, मला कुठून धीर आला कोण जाणे. म्हणजे बघा, मला शेती कळत नाही, कायदा कळत नाही, राजकारण तर त्याहून नाही. पण घाबरणं? घाबरणं ही माझी उभ्या जन्माची साधना आहे!

"मिस्टर क्राउस," मी म्हटलं, "मला रोज चोर दिसतो. परवाचा चोर न्हाणीघराचा पडदा निघाला. त्याआधीचा चोर आमचे अपा होते, रात्रीच्या चड्डीतले. चोर असतातच हो जगात, तुमच्या तारा कापणारेही आहेत, त्यांना पकडायलाच हवं. पण मी घाबरले म्हणून पडद्याला तुरुंगात घालायचं का?"

त्यांनी माझा घोटा सोडला. मग म्हणाले, "त्या पोलीस पोराने कबुतरं बघायला हवी होती." आणि मग, "लिही, निर्दोष."

मी लिहिलं. आडनावासकट! गुडघ्यावर कागद ठेवून, टेबलाखाली, कारण वर यायला अजून कोणाचे पाय तयार नव्हते. तेवढ्यात कोर्टाच्या बेलिफाने दार उघडलं, आणि त्याला दिसली रिकामी खोली! "ज्यूरी पळाली!" तो ओरडला, "साहेब, ज्यूरी पळाली!" मग मी आपला टेबलाखालून हात बाहेर काढला, कागदासकट. बिचारा बेलिफ असा किंचाळला, की मला पहिल्यांदाच आयुष्यात कोणीतरी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

निकाल वाचला. डॉन तेलो ना रडला, ना हसला. उठून, कोटाच्या बाह्या सावरत, न्यायाधीशांना म्हणाला, "म्हणजे उद्या शनिवारी मी छपरावर चढू का, साहेब?" न्यायाधीश म्हणाले, "चढा. शिडी कोणाला तरी धरायला सांगा." त्याची मुलगी मात्र रडली, आणि मीही, आणि क्राउस टोपीत तोंड घालून खोकले. खोकल्याला एवढा वेळ लागतो का कधी?

घरी काय झालं म्हणाल, तर अपांच्या चॅनेलवर रात्री कोणीतरी ओरडत होतं, कार्टेलचा माणूस सुटला, ही असली ज्यूरी देशद्रोही! अपा उठले, त्यांनी सपात काढली आणि सरळ त्या माणसाच्या तोंडावर मारली. टीव्हीला तडा गेला. "माझी पोरगी आहे ती!" अपा टीव्हीला म्हणाले, "देशासाठी गेली होती!" तेव्हापासून जेवण शांततेत होतं. मामा म्हणतो, त्याला चुकल्यासारखं वाटतं.

मग एका सकाळी डॉन तेलो दारात, कोट तोच, हातात पिंजरा. आत करड्या रंगाची कबुतरी, त्याची सगळ्यात वेगवान. "तुमच्यासाठी, सेन्योरिता. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही." नाही कसं म्हणणार? घेतली. ती फडफडली, मी किंचाळले, अपांनी टाळ्या वाजवल्या. पिंजऱ्यात कोंडून ठेवणं बरं दिसेना, म्हणून दार उघडलं... आणि ती गेली! कुठे? अहो, शर्यतीची कबुतरी ती, तिचं घर कुठे? डॉन तेलोच्या छपरावर! संध्याकाळी तो तिला घेऊन परत हजर. "रागावू नका हं, तिला तुमच्याकडे आवडत नाही असं नाही." कॉफी प्याला, गेला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, संध्याकाळी तो पुन्हा आला. आता रोज येतो. रोज फडफड, रोज माझी किंकाळी, रोज कॉफी. शेवटी म्हटलं, डॉन तेलो, राहू दे ना तिला तुमच्याकडेच. तर त्याचा चेहरा असा पडला, की मीच म्हटलं, नाही नाही, आणा, उद्याही आणा!

काय करणार? निर्दोष सुटला तो, आणि पिंजरा आला आमच्या घरी... तोही कायम रिकामा!