सतरा नंबरचा ससा

प्रयोगशाळेतले ससे सांभाळणारे मामा जनावरांच्या दवाखान्यात टोपली घेऊन बसले होते. शेजारी पोपटाचा पिंजरा घेऊन टेकल्या त्या नेमक्या प्रयोगशाळेतल्याच मॅडम. मामा टोपली झाकेपर्यंत त्यांनी आतल्या सशाकडे वाकून पाहिलं.

“मामा, कानावर सतरा नंबर? हा तर मंगळवारी मेला. कागदावर माझी सही आहे.”

“मग मेलाच असेल, मॅडम.”

“मेलेला शिंकतोय कसा?”

“सर्दी झालीय.”

“प्रयोग संपला की मारायचं, असा नियम आहे.”

“आहे ना. पण पाच महिने माझ्या हातचं खाल्लं हो त्यानं. तोच हात कसा उचलू?”

“नोकरी जाईल तुमची.”

“तुम्ही सांगितलंत तर.”

“…उद्या अठरा नंबरची पाळी. घरी जागा आहे?”

“बायको मलाच बाहेर काढेल.”

“बरं. मग तो माझ्या घरी मरेल.”