मडमच्या गाडीतली बटनं

माझं माहेर सुप्याच्या पलीकडं, पारनेरच्या अंगाला. आता सुपं म्हनलं की तुमच्या डोळ्यापुढं कारखाने येत्यात, तवा तिथं नुसता माळ हुता, हुलगं आन् मटकी पिकायची, ती बी पावसाच्या मर्जीनं. शाळा म्हनाल तर दुसरी. लग्न होऊन भिंगारला आले, सतराव्या वर्षी का अठराव्या, कुनी मोजलंय. मालक आदी लष्कराच्या वर्कशॉपात गाड्यांच्या वायरिंगवर हुते, मंग ते सोडून त्यांनी रस्त्याच्या कडंला स्वताचं दुकान टाकलं. दुकान म्हंजे काय हो, चार पत्रे, एक बाकडं आन् वर लिंबाची सावली. मी दुपारची भाकरी घेऊन जायची ती तिथंच बसायची, बसल्या बसल्या वायर सोलून दे, काळी पडलेली टोकं पॉलिशपेपरनं घासून दे, असं करता करता कोन्ती वायर कुठं जाती ते कळाय लागलं. काही मानसं हातातली विद्या पदराखाली झाकून ठेवत्यात, आमचे मालक तसे न्हवते, ते काम करताना मोठ्यांदा बोलायचे, हे असं का, ते तसं का, आयकायला मी एकटीच, पर शाळा भरल्यावानी बोलायचे.

मंग त्यांचा हात मोडला. एक जीप चालू कराया पुढनं हँडल मारत हुते, इंजिनानं उलटा झटका दिला, हँडल फिरलं आन् उजवं मनगट गेलं. कोपरापसून बोटापर्यंत प्लास्टर. दीड महिना हात हलवायचा न्हाई म्हनले डॉक्टर. तरी मानूस रोज सकाळी दुकान उघडायचा, बाकड्यावर बसायचा, आलेल्या गिऱ्हाइकाला हात दाखवायचा, आन् गिऱ्हाईक पुढं निघून जायचं. मला ते बघवायचं न्हाई.

काय सांगू तुम्हाला, तशात ती गाडी आली. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदलं साल असंल. गाडी कसली, घरच ते. आत पलंग, शेगडी, भांड्यांचं कपाट, खिडक्यास्नी फुलाफुलाचे पडदे, वर चार दिवे. आन् चालवीत कोन हुतं, तर बाई! गोरी मडम, उंच, उन्हानं नाक सोललेलं, गडीमानसाची पँट घातलेली. मी तर बघतच ऱ्हायले. आत पलंगावर तिचा नवरा, हळदीवानी पिवळा, कावीळ झालेली. नगरच्या दवाखान्यातनं आले हुते, डॉक्टरनं सांगितलेलं, पंधरा दिस पडून ऱ्हायचं, परवास न्हाई. लिंबाची सावली बघून तिनं गाडी आमच्या दुकानापाशी लावली.

मालकांना वर्कशॉपातली इंग्लिश यायची, लाईट नो, वायर बर्न, अशी. ती बी तशीच तोडकी बोलायची, तिची भाषा वेगळीच हुती. तिनं दाखवलं, दारापाशी शेगडीजवळचं बटन दाबलं की पलंगावरचा दिवा फडफडायचा, बटन इतकं तापायचं की बोट भाजायचं, आन् एका पडद्याची कड करपलेली. मालकांनी नुसता वास घेतला. डाव्या हातानं फ्यूजची डबी उघडली आन् कपाळाला हात लावला. फ्यूजवर कुनीतरी शिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. रस्त्यात कुठं कुनी करून दिलं कोन जाने. मला म्हनले, फ्यूज हा राखनदार हाय, वायरीत इपरीत झालं तर त्यानं स्वता जळायचं आन् गाडी वाचवायची. चांदी गुंडाळली म्हंजे राखनदाराचे हातपाय बांधले. उद्या पेट घेतला तर पलंगावरचा ह्यो मानूस उठून भाईर तरी येईल का?

त्यांनी तिला प्लास्टर दाखवलं, दुसरा मिस्त्री बघा, नगरात जावा म्हनले. तिनं नवऱ्याकडं बघितलं आन् पायरीवर बसली. तिचे डोळे लाल हुते, झोप नसलेले. मी म्हनलं, अवो, तुमी सांगा, मी करते.

मालकांनी मंग बाकड्याखालची पेटी पायानंच पुढं सारली आन् म्हनले, आदी ब्याटरीची तार काढ.

येवढ्यात चार मानसं जमलीच. शेजारी पंक्चरवाला हुता, तो म्हनला, मिस्त्री, बाईच्या हातात गाडी देता व्हय? मालक म्हनले, गाडी विलायतेपसून बाईच चालवीत आलीय की. तो पंप मारायला गेला.

तीन दिस काम चाललं. मालक बाकड्यावर बसून सांगायचे, मी आत, आन् मडम माझ्या बाजूला गुडघ्यावर. तिचा नवरा तेवढा येळ लिंबाखाली खाटंवर. भिंतीच्या फळ्या काढल्या तर आत बारीक तार, दारावरच्या घंटीला असती तसली. मालक म्हनले, बारा होल्टाचा झटका बसत न्हाई म्हनून मानूस बेफिकीर ऱ्हातो, पर दिव्याला करंट लई लागतो, बारीक तारंला ते झेपत न्हाई, ती तापती. पत्र्याच्या भोकातनं तार गेलेली तिथं घासून घासून तांबं उघडं पडलेलं. मी नगरला जाऊन जाड वायर आनली, ट्रकातली लोखंडी बटनं आनली. पत्र्याच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बसवलं, म्हंजे तार घासायची न्हाई. मडम माझं बघून बघून वायर सोलाय लागली. दोघींची भाषा एक न्हाई, पर ती पक्कड पुढं करायची तवा मला पक्कडच हवी असायची.

एक गोष्ट मात्र मी माझ्या डोक्यानं केली. आदी सगळी बटनं दारापाशी हुती. नवऱ्याला पानी द्यायचं तर ही अंधारात त्याच्यावरनं ओलांडून दारापर्यंत जायची, हातवारं करून तिनंच दाखवलं. मी सरळ त्या पलंगावर जाऊन आडवी झाले. डोळे मिटले आन् हात सोडला. जिथं हात सहज गेला तिथं पेन्सिलीनं खूण केली. दिव्याचं बटन तिथं. मालकांना सांगितलं तर ते म्हनले, इतकी वर्सं मी वायरिंग करतोय, मला हे सुचलं नसतं. असं म्हनायला बी मोठं मन लागतं हो. बायकोला असं कोन म्हनतं?

तिसऱ्या दिशी समदं जोडलं, फळ्या बसवल्या, स्क्रू आवळले, ब्याटरीची तार लावली. मी पयलं बटन दाबलं. टिक. दिवा न्हाई, कायच न्हाई. फ्यूज उडालेला. पंक्चरवाला तिकडनं बघतोय, मडम तोंडाकडं बघतीय, आन् मला रडूच फुटलं. म्हनलं, घातली मी लोकाची गाडी वाया. तर मालक हसाय लागले. शाबास म्हनले, अगं, राखनदार जागा हाय! चांदी असती तर आता धूर निघाला असता. वायर वाचली, गाडी वाचली, मंग रडतीस कशाला? आता सांग, सगळ्यात शेवटी हात कशाला लावलास?

मी इचार केला. शेवटी स्क्रू आवळले. शेगडीमागची फळी खोलली तर एक लांब स्क्रू सरळ वायरीत घुसलेला. तेवढा तुकडा बदलला, आखूड स्क्रू लावला, नवा फ्यूज घातला. मालकांनी बाकड्यावरनं उठून बघितलं बी न्हाई, दाब म्हनले.

दिवा लागला. मंग दुसरा, तिसरा, चौथा. बटनं गार. मडमनं नवऱ्याला आत नेऊन निजवलं, त्याचा हात बटनावर ठिवला. त्यानं दिवा लावला, बंद केला, परत लावला, आन् लहान पोरावानी हसला. किती दिसांनी त्यानं स्वताच्या हातानं कायतरी केलं आसंल. मडमनं माझा हात हातात घेतला, तिचा बी काळा, माझा बी काळा, आन् काय तरी बोलली. शब्द कळले न्हाईत. कळायची गरज बी न्हवती.

पंधरा दिस ऱ्हायले ते. तो हिंडाय-फिराय लागला तसे निघाले. ती चालवीत, तो बाजूला. पुढं कुठं गेले, काय झालं, ठाव न्हाई. येवढ्या मुलखात आजारी नवऱ्याला गाडीत घालून एकटी हाकीत आलेली बाई, तिला मी इसरले न्हाई.

मालकांचं मनगट नीट बसलंच न्हाई, ताठच ऱ्हायलं. मंग आमी दोघांनी मिळून दुकान चालवलं. ट्रक झाले, ट्रॅक्टर झाले, टेम्पो झाले. गिऱ्हाईक इचारायचं, मिस्त्री कुठं हायत? तर मालक माझ्याकडं बोट करायचे, स्वता डावा हात पुढं करून स्क्रू आवळायचं डिस्मिस द्यायचे. कधी त्येंना कमीपना वाटला न्हाई. मला वाटायचा, मंग हळूहळू वाटायचा बंद झाला.

ते जाऊन आता बारा वर्सं झाली. माझे डोळे अधू झाल्यात, बारीक टोक दिसत न्हाई, दुकान लेकीनं घेतलंय, ती माझ्याहून हुशार हाय. मी दारात बसते. जानारी येनारी म्हनत्यात, ही मिस्त्रीची बायको. बोलू द्या, ते बी खोटं न्हाई. पर तुमी लिवताय तर माझ्या नावापुढं मिस्त्री लिवा. मालक असते तर त्येंनी बी तेच सांगितलं असतं.