धोंडूआबाच्या मुंडाशातला फ्यूज

मंडळी, वहिनी, कार्ल्याहून चालत आलेले भाऊबंद, तुम्ही सगळे आलात. पण मला बोलायला उभं केलंत, ही मात्र चूक झाली. खांबावर चढ म्हणा, आत्ता चढतो. बोलायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. आज तर जास्तच.

आमचा धोंडूआबा गेला. लोणावळ्याच्या तारांवर आम्ही दोघांनी अठरा वर्षं काम केलं. धरणाचं पाणी घाटाखाली उतरतं, त्याची वीज होते, मुंबईला जाते, थोडी आपल्या बाजारपेठेत येते. आबाच्या घरी मात्र शेवटपर्यंत रॉकेलची चिमणी! मी चिडवायचो. तो म्हणायचा, "दिसभर तिच्यासंगंच असतू. घरी तरी सुटका नगं व्हय?"

आमच्या कामाची एक रीत आहे. एकजण खांबावर चढायच्या आधी दुसऱ्याने खाली, तारेला वीज जिथून सुटते त्या खोलीतले फ्यूज काढायचे आणि वरचा उतरून समोर येईपर्यंत स्वतःजवळ ठेवायचे. फ्यूज नाही, तर तारेत वीज नाही. बाकीचे खिशात ठेवायचे, आबा मुंडाशात. एकदा मी उतरलो, आणि हा गडी फ्यूज डोक्यावर विसरून थेट कार्ल्याला घरी! इकडे पिठाची गिरणी बंद. बाया दळणाचे डबे घेऊन रस्त्यात उभ्या. त्यांनी आबाला काय काय ऐकवलं, ते इथे सांगत नाही. हसा, वहिनी, हसा. तोही हसला असता.

पण आणखी एक दुपार आहे. मी वर होतो, दोन्ही हात तारेवर. आमच्या साहेबाच्या बंगल्यावर पाहुणे आलेले, आणि पंखे बंद. साहेब तरातरा फ्यूजच्या खोलीवर आला. "गणपत उतरला. मी पाहिलं. चालू कर." त्याने पाहिला तो दुसराच कुणी खाकी कपड्यातला. आबा दाराला पाठ लावून बसला.

"गनपत माझ्याम्होरं आला न्हाई. मंजी त्यो वरच हाय."

"नोकरी जाईल तुझी!"

"नोकरी घ्या, सायेब. मुंडाशाला हात लावू नगा."

माणसाच्या मुंडाशाला हात कोण घालणार? तेवढं साहेबालाही कळत होतं.

मी उतरलो, तर आबा माझ्यावरच खेकसला, "किती येळ रं! भाकर वाळली." साहेबाने त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. का, ते मला साहेबाच्या शिपायाने सांगितलं. मी आबाला विचारलं, तर म्हणाला, "भात लावायचाच हुता. बरंच झालं." मग मीही रजा टाकली आणि त्याच्या खाचरात लावणीला गेलो. दुसरं काय करणार होतो?

मंडळी, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. आज माझी दोन्ही पोरं इथे पुढे बसली आहेत. आबाच्या खांद्यावर खेळली, पण हे त्यांना आबाने कधी सांगितलं नाही. मीही नाही. पोरांनो, तुमचा बाप त्या दुपारी जिवंत उतरला, तो या माणसामुळे. आधी तुम्ही दोघं उभे राहा.

मग आपण सगळे उठू. थोडा वेळ कुणी काही बोलू नये.