आमच्यात बसवतात

हॅलो?… हां, बोला की… व्हय, शिवलीलाचाच नंबर हाय. मी तिचा मालक बोलतोय, कल्लप्पा… कोण?… अंकिता मॅडम, पुण्याच्या. स्पॅनिशच्या वर्गाच्या. ओळखलं की. रोज ऐकायचो तुमचा आवाज. शेंगा सोलत बसायची आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची न्हवं…

न्हाय, आजारी न्हाय… गावाला पण न्हाय गेली… मॅडम, ऐका. ऐका जरा. ती गेली… गेली म्हंजे वारली. श्रावण संपता संपता.

हॅलो?… हाय ना लाईनीवर?… रडू नका की. तुमाला कोण कळवणार? हितं कुणाला सुचलंच न्हाय…

कसं म्हंजे… सकाळी उठली. तोंड धुतलं. न्हाली. केस विंचरले. सगळं आपलं आपण केलं. चहा ठेवला आणि ओट्याला टेकून खाली बसली. म्हणलं, काय झालं गं? तर म्हणाली, काय न्हाय, जरा गॅस बारीक करा. मी गॅस बारीक करून वळलो… तेवढंच.

हो… हो… न्हाय, नाव काढू नका तिचं वर्गातनं. मी बसू का तिच्या जागी?… खरंच म्हणतोय. थोडं येतंय मला. म्हणून दाखवू? मे लेवांतो. मे लावो ला कारा. मे पेइनो. मी उठतो, तोंड धुतो, केस विंचरतो. बरोबर?… तुमी तिला सांगितलं होतं न्हवं, आरशापुढं उभं राहून, हात करून म्हणा. तसंच करतोय. विंचरायला केस न्हाईत, नुसता हात फिरवतो डोक्यावरनं…

हसा, हसा. त्यावरनं हितं बोभाटा झालाय. वरच्या मजल्यावरच्या नागम्मानं बघितलं. लागलीच मैंदर्गीला फोन, माझ्या मेहुणीला. कल्लप्पाण्णा आरशाशी बोलतोय, मंत्र म्हणतोय, तोंडावरनं हात फिरवतोय. मेहुणी दुसऱ्या दिवशी अक्कलकोटचा अंगारा घेऊन दारात. काशम्मा तिचं नाव. म्हणलं, काशम्मा, हे स्पॅनिश हाय. ती म्हणाली, तेच उतरवायला आलेय.

…कशासाठी म्हंजे? नातीसाठी की. शिवलीला पण तिच्यासाठीच शिकत होती, सांगितलं असंल तुमाला. ईनेस. माझी लेक सिद्धेश्वरी तिकडं वालेन्सियाला, जावई तिकडचाच. पोरगी सहा वर्षांची. मराठी दोनच शब्द येतात, आजी आणि चटणी…

व्हय, रोजचा फोन. तिकडं सकाळ, हितं जेवायची वेळ. ती बेसिनला मोबाईल लावून शाळेचं आवरायची, ही हितं आरशापुढं उभी. ती एक म्हणायची, तेच ही म्हणायची. ती दात घासायची तर ही पण घासायची, भर दुपारी. मी ताटावर खोळंबून बसलेलो…

तर आदल्या दिवशी हिचं काय तरी चुकलं. ईनेस हसली. म्हणाली, आजी, तुला काय पण येत न्हाय. तसं रोजच हसायची ती. ही पण हसली. फोन ठेवला. आणि सकाळी हे.

पुढं ऐका ना. आमच्यात निजवत न्हाईत, मॅडम. बसवतात… व्हय, माणूस गेलं की. मांडी घालून, भिंतीला टेकवून. कपाळाला विभूती, गळ्यात हार, नवी साडी. आणि बसलेलंच पुरतात… तुमच्याकडं नसंल, आमच्यात तसंच हाय.

लेक यायची होती म्हणून थांबलो होतो. माणसं जमलेली, भजन चाललेलं. तेवढ्यात हिचा मोबाईल वाजला. काशम्माला वाटलं, सिद्धेश्वरी विमानतळावरनं दर्शन मागतेय. तिनं हिरवं बटन दाबलं आणि मोबाईल हिच्या तोंडासमोर धरला…

न्हाय, सिद्धेश्वरी न्हवती. ईनेस होती. तिला कुणी सांगितलंच न्हवतं अजून. आई रात्रीतच निघालेली, बाप आत कुठं तरी. पोरगी बापाचा मोबाईल लावून रोजच्यासारखी ब्रश घेऊन उभी.

मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, मे लेवांतो. आणि थांबली. आजीनं म्हणायचं म्हणून… परत म्हणाली. जरा हळू. आजी नवी साडी नेसून, हार घालून, समोर ताठ बसलीय आणि बोलत न्हाय… मग तिनंच ठेवला.

काशम्माला काय बोलणार? तिनं चांगल्यासाठीच केलं…

सांगितलं की नंतर. आईनं सांगितलं, बापानं सांगितलं. ती ऐकत न्हाय. म्हणते, मेलेली माणसं झोपलेली असतात. आजी बसली होती. मी हसले म्हणून माझ्यावर रागावली आणि बोलली न्हाय. आईला म्हणते, तू कुठं होतीस, तू विमानात होतीस.

म्हणून मी. मी होतो तितं. तिनं बघितलंय मला शेजारी. माझं ऐकंल.

न्हाय ओ, समोर येतच न्हाय. लेक अजून रोज मोबाईल बेसिनला लावून देते. मला नळ दिसतो. मागं फरशी. ती दाराआड उभी राहून दात घासते, ब्रशचा आवाज येतो. मी नळाला सांगतो, मे लेवांतो… न्हाय, उत्तर कुठलं येतंय.

तर मला तेवढं वाक्य द्या, मॅडम. आजी रागावत न्हाय… हं… हळू. आजी नो से… एनफादा. हे पण त्यातलंच, आपलं आपण करायचं? उठणं, न्हाणं, तसंच रागावणं?… बरं. तुझ्यावर म्हंजे?… कोंतीगो. आजी नो से एनफादा कोंतीगो… मागचं, भूतकाळाचं, रागावली न्हाय असं, ते नको. शिवलीलाचं तितपर्यंत शिकून झालं न्हवतं. तिला आलं असतं तेवढंच द्या मला.

आणि आमच्यात बसवतात, हे?… ला सेंतामोस. आमी बसवतो तिला. हां, हे पाहिजे. हेच पाहिजे होतं. ला सेंतामोस…

थांबा. मधीच टुक टुक वाजतंय… तिचाच. वालेन्सियाचा… घेतो की. घेतो. एकदा परत म्हणा… आजी नो से एनफादा कोंतीगो. ला… ला काय?… सेंतामोस… घेतो म्हणलं ना, एकदा म्हणू द्या. जीभ अडतेय. चुकलं तर हसंल ती… व्हय, हसली तर बरंच की, खरं हाय तुमचं… एकदाच. आजी नो से…

…थांबलं.

न्हाय, आता लावून उपयोग न्हाय. शाळेची गाडी येते तिची, दोघी खाली गेल्या असतील… आज शुक्रवार न्हवं? दोन दिवस ती बापाच्या आईकडं जाते, गावाला. आता सोमवारी… न्हाय, तुमचं काय चुकलं? मीच बोट धरून बसलो बटनावर…

येतो की वर्गाला. मोबाईल डब्याला टेकवून बसतो तसाच… हो. हो… जेवतो. कुकर लावलाय… ठेवतो, मॅडम.

वाक्य आलंय मला. तिला सांगायचं राहिलंय.