धागा तुटला की माझं नाव

हसू नका, पण पंचाहत्तर-शहात्तरच्या सुमारास एका विणकराच्या मागावर धागा तुटला की दोष माझा असायचा. ते म्हणजे भंडाऱ्यातले माझे शेजारी रघुजी. म्हणे माझी नजर लागते! भिंतीपलीकडून ओरडायचे, "गणप्या, पाह्यलं न पुन्हा इकडं!"

मग मला जवाहरनगरला नोकरी आणि क्वार्टर मिळालं. म्हटलं, सुटलो. दोन महिन्यांनी त्यांची बायको, रखमाकाकू, दारात हजर.

"गणपत, एकदा घरी चाल."

"काहून? आता तं धागा तुटत नसंल."

"तुटते रे. पण आता हे म्हणतेत, माह्याच हाताले काही झालं. माग बंद करून बसले, जेवत बी नाहीत."

मला शिव्या खायला बोलावतायत की औषध म्हणून, कळेना. तरी गेलो. मला पाहताच म्हातारा उठला. "आली पनौती!" म्हणत मागावर बसला. धागा तुटला, मला शिव्या घातल्या, गाठ मारली आणि खटखट पुन्हा सुरू. काकूंनी चहा दिला. "पुढच्या रविवारी बी ये."

या भानगडीत माझी बस चुकली. "या म्हाताऱ्यापायी!" मी भर स्टँडवर ओरडलो. आणि काय सांगू, एकदम बरं वाटलं.